चार इंची भिंत

जोतिबाहून आलो त्याच संध्याकाळी
हातावरचा गुलाल न धुताच
फ्रेमसाठी भिंतीला भोक पाडायला बसलो.
बिल्डरनं भिंत चार इंचीच घातलीय
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
ड्रिल एकदम हलकं झालं,
विहिरीत दोर सुटावा तसं,
आणि पलीकडून मैरूनभाभींचा आवाज,
"अहो, पलंगावर काय पडाय लागलंय हे?"

दस्तगीर शिकलगार दारात आला.
तळहातावर विटेची भुकटी, तिच्यात गुलाबी कण.
"देव तुझा लगा, पण भिंत माझी बी हाय की."
बरोबरच होतं.
म्हणूनच मी जास्त ओरडलो.
पुढचे दोन महिने जिन्यात समोरासमोर आलो
की दोघंही लाईटच्या मीटरकडं बघायचो.

त्यानं पांढरं सिमेंट आणून त्याच्या बाजूनं भोक बुजवलं
आणि बरोबर त्यावरच मक्केची तसबीर लावली.
हे मला हिच्याकडून कळलं.
बायकांचं बोलणं बंद नव्हतंच,
लोणच्याची बरणी, शिरखुर्म्याचा डबा
मीटरकडं न बघता इकडून तिकडं जात होते.
तेव्हापासून माझा जोतिबा आणि त्याची मक्का
पाठीला पाठ लावून आहेत,
स्टँडवरच्या एकाच बाकावर
वेगवेगळ्या गाड्यांची वाट बघणाऱ्यांसारखे.

मग ते तीन दिवस आले. नेट बंद. महाद्वार रोड बंद.
चौथ्या दिवशी दूध घ्यायला दार उघडलं
तर समोरची पाटी नव्हती.
हिरवी टाईल, सातशे शहाऐंशी, खाली नाव.
जागेवर नुसता चौकोन,
दाराचा मूळ रंग कळावा इतका कोरा.

मी वळून माझं दार बघितलं.
तोरण, स्वस्तिक, शुभ, लाभ,
काळी बाहुली, गेल्या शनिवारची लिंबू-मिरची.
सगळं जागच्या जागी.
पहिल्यांदाच वाटलं,
आपलं दार जरा मोठ्यानंच बोलतंय.

ही म्हणाली, जावा की, विचारा.
मी ड्रिल घेऊन गेलो. हातात दुसरं काय न्यायचं?
दस्तगीरनं ड्रिलकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"आता कुठली भिंत?"
हसला नाही. पण आत चहा टाकायला सांगितलं.
पाटी फ्रीजवर होती, पेपरात गुंडाळलेली.
"पोरगी म्हणाली, काढा काही दिवस.
तिला रातचं झोप लागंना."
भिऊ नका, असं मी म्हणालो नाही.
ते म्हणायला माझ्या खिशात काय होतं?
दोन कप चहा प्यायलो,
तेल किती महागलं ते बोललो,
ड्रिल तसंच परत आणलं.

पाटी लागली नंतर.
कधी, ते कळलं नाही. आवाज आला नाही.
रात्री हातानंच स्क्रू पिळले असणार.
डावीकडं कललीय थोडी,
खालून कोऱ्या चौकोनाची एक कड दिसते.
रोज कुलूप लावताना माझं लक्ष जातं.

आण रे स्क्रू-ड्रायव्हर, सरळ करूया,
एवढंच म्हणायचंय.
परवा तो जिन्यात भेटला.
मी मीटरकडं बघितलं.