पक्कं बिल

अंबडच्या शेडमधलं वायरकट मशीन
मंगळवारी चहाच्या सुट्टीनंतर उठलंच नाही.
हाडंबिडं शाबूत. वायर ताणलेली, पाणी वाहतं,
फक्त शेजारच्या पिवळट कॉम्प्युटरला
आपण कोण, तेच आठवेना.

त्याची सिस्टीम वेगळी होती.
तिच्यात पत्ते नव्हते, गाणी नव्हती, खिडक्याही नव्हत्या.
एकच गुण: वेळेला जागायची.
मिलीसेकंद म्हटलं की मिलीसेकंद.
माणसांत असं कुणी मला भेटलेलं नाही,
आणि मी एक संसार नि तीन मालक पाहिलेत.

गायधनीसाहेब म्हणाले, "कुमुदिनी, जा, विकत आण.
पक्कं बिल घे, ऑडिटला लागतं."
जणू कोथिंबिरीची जुडी.

एमजी रोडला, एकाच जिन्यावर तीन दुकानं.
पहिल्यानं विचारलं, गेमिंगसाठी का?
दुसऱ्यानं नव्या कॉम्प्युटरचा हप्ता सांगितला.
तिसऱ्यातला पोरगा, नुकतं मिसरूड फुटलेला, दयाळू,
म्हणाला, "ताई, फुकट टाकून देतो ना!
पेन ड्राइव्ह आणलाय?"
मी म्हटलं, तू देतोस ते छानच आहे रे,
पण ते मधूनच स्वतःशी विचार करत बसतं
आणि तेवढ्यात माझी वायर तुटते.

बोहोरपट्टीत उगाच शिरले.
ताहेरभाई बिजागऱ्या मोजत होते.
"हार्डवेअर म्हणशील ते देतो," म्हणाले,
"सॉफ्टमध्ये माझ्याकडे फक्त सुतळी."

सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीला पुण्याला फोन लावला.
तिथे आता दातांचा दवाखाना आहे.
मुलगी म्हणाली, महिन्याला एखादा येतो असा फोन,
गुरुवारची वेळ देऊ का?

शेवटी लिंक रोड, भंगारवाल्यांची रांग.
उसाच्या चरकांमागे, कूलरच्या जाळ्यांखाली
सातपूरच्या कुठल्याशा बंद कारखान्याचं सामान
आणि त्यात आमच्या मशीनचं जुळं भावंड,
डोकं कापून बाजूला ठेवलेलं.
मी तो डबा हलवून पाहिला.
आत काहीतरी होतं,
किंवा नुसताच एखादा स्क्रू सुटला होता.

शकूरभाईनं काटा लावला.
अकरा किलो. बत्तीस रुपयानं.
"आणि आत जे आहे, त्याचे?"
"वजनात आलं ना सगळं," तो म्हणाला.
बिल पक्कंच दिलं, शिक्क्यासकट:
लोखंड, मिक्स, ११ किलो.

रात्री साडेनऊला जोडणी झाली.
काळा पडदा. मग हिरवी अक्षरं, एकेक करत,
म्हाताऱ्यानं जिना उतरावा तशी.
वापरणारा: पी. डी. निकुंभ.
जॉब क्रमांक ४१७ अर्धवट आहे.
पुढे चालू करायचं?

तारीख अकरा वर्षांपूर्वीची. शनिवार, सहाला दहा कमी.
सोमवारी गेट उघडलं नसणार.

माझं काम घाईचं होतं, गिऱ्हाईक शिव्या देत होतं.
तरी मी पोलादाचा एक टाकाऊ तुकडा बांधला
आणि हो म्हटलं.

चाळीस मिनिटं.
एकाही मिलीसेकंदाला न चुकता
तिनं निकुंभांचं राहिलेलं तेवढंच कापलं:
अर्धं चाक, एकोणीस दाते, स्वच्छ, बोटाला लागतील असे.
कुठल्या यंत्राचं, ठाऊक नाही.
पहिलं अर्धं बहुतेक
कधीच काट्यावर चढून गेलं असेल.

मग आमचं काम लावलं. पहाटेपर्यंत निघालं.

सकाळी गायधनीसाहेबांनी बिल पाहिलं,
चष्मा कपाळावर सरकवला, परत पाहिलं.
"यात सिस्टीम कुठंय?"

पंखा जोरात होता.
कागद उडू नये म्हणून
मी त्यावर ते अर्धं चाक ठेवलं.