दुसरं पान

पहिल्या पानावर एवढंच :
वय अठ्ठेचाळीस, निपाणी, विड्या वळते.
पाय सुजलेत. भूक नाही.
आठ मुलं, एक टेबल, एक फळा
आणि मी, उत्तर माहीत असून
गप्प बसायचा पगार घेणारा.

"हार्ट," पाच्छापुरे म्हणाला.
"लिव्हर का नाही?" तबस्सुम.
बाण वाढत गेले. किडनी कोपऱ्यात,
प्रश्नचिन्हासकट.

लघवीचं तिनं सांगितलेलं
मी तिच्याच शब्दांत टाइप केलं होतं :
'नोरे येतंय की हो, डागदर.'
सात जण माझ्याकडे बघत राहिले.
चिकोडीची शिवलीला हळूच म्हणाली,
"नोरे म्हणजे फेस, सर. दूध काढताना येतो तो."
आणि फळ्यावर
प्रथिनं गळू लागली.

"म्हणजे ह्यांना कन्नडच येतं का?"
दोन्ही, म्हटलं.
दुखताना कुठली वर येईल, सांगता येत नाही.

मग कंबर. मग रोजच्या हजार विड्या.
मग पानपट्टीवरच्या सुट्या गोळ्या,
सकाळी एक, रात्री दोन,
अकरा वर्षं.
गोळ्यांचं विचारलं तबस्सुमनं, तिसाव्या मिनिटाला.
मी विचारलं होतं तिसऱ्या भेटीत.
हे कुठल्याच पानावर नाही.

दुसरं पान गुरुवारी, मी सांगितलं.
क्रिएटिनिन त्यात आहे.

गुरुवारीच ती येते, निपाणीच्या पहिल्या बसनं.
ह्याच खोलीच्या खाली, चार तास, यंत्राला जोडलेली.
सुई नसलेल्या हाताची बोटं
वळत राहतात काहीतरी,
पान नसताना.