छाट

निविदा उघडली तेव्हा मी होतो.
उघडली म्हणजे काय, पूर्वीसारखा लाखेचा लखोटा नाही,
कात्री नाही, साक्षीदाराची सही नाही.
पडद्यावर एक गोल फिरत राहिला,
आणि डोक्यावर पंखा.
तिघे आले होते. दोघांचे पत्ते एकाच जिन्यावरचे.
तिसरा अंदाजपत्रकापेक्षा
एकतीस पूर्णांक चाळीस टक्के खाली.
साहेब म्हणाले, वा, महापालिकेचा पैसा वाचला.
टिपणी मीच लिहिली :
सर्वात कमी दर, सबब स्वीकारण्यास हरकत नाही.
सबब हा शब्द मी नोकरीला लागल्यावर शिकलो.
त्याच्यापुढे काहीही लिहिता येतं.

इमारत क्रमांक सात, अक्कलकोट रस्त्यापलीकडे.
गच्चीची गळती, आतला-बाहेरचा गिलावा,
सांडपाण्याच्या नळ्या, जिन्याचा कठडा.
म्हाळप्पा गवंडी घमेल्यात माल कालवत होता.
एकास चार लिहिलंय, मी म्हटलं.
तुमी लिवलाव खरं, तो म्हणाला,
गोण्या किती आल्यात ते बी मोजा की.
मी टेप काढला.
टेपनं लांबी मोजता येते.

एकोणीस नंबरच्या दारात नरसव्वा येमूल
मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.
पाचव्या दिवसाचं पाणी आज यायचं होतं,
घागरी तिच्याआधी नळाला जाऊन बसल्या होत्या.
काय मोजलालाव साहेब?
गिलावा, मावशी.
तिनं चिमटीनं विडीचं तोंड मुडपलं.
हजार वळते मी, म्हणाली.
कारखान्यात चेकर बसतो, बोटानं दाबून बघतो.
सैल वाटली, पान फाटलं, तंबाखू कमी :
छाट.
छाटीचे पैसे नाहीत
अन् विडी बी परत नाही.
मग हनुवटीनं भिंत दाखवली :
हिची छाट कोण काढतंय?

माझ्या मोजमाप पुस्तिकेत रकाने आहेत.
नग, लांबी, रुंदी, खोली, परिमाण.
मी शोधलं. खरंच शोधलं, पान उलटून.
मग सही केली.

दोष दायित्व कालावधी : दोन वर्षं.
भिंतीला कराराची प्रत कुणी देत नाही,
तरी ती थांबली.
दोन वर्षं अकरा दिवसांनी
एकोणीस नंबरच्या खाटेवर हातभर पोपडा पडला.
खाट रिकामी होती,
पाणी आलं होतं म्हणून.
तेव्हा कळलं एकतीस टक्के कुठे वाचले ते.
तिथेच होते, खाटेच्या उशाशी,
ओल होऊन,
पॉइंट चाळीस तर पार छतापर्यंत चढलेले.

अनामत परत गेली होती, वेळेवर.
तेवढंच एक काम वेळेवर झालं
असं म्हणणं अन्यायाचं होईल;
जीएसटीही वेळेवर भरलेला.

लेखापरीक्षणाला नवा मुलगा आला.
पुस्तिका उघडली आणि सटासट शिंकला.
छत्तीस आणि सदतीस पानांच्या मध्ये तंबाखूचा भुगा.
सुपाच्या कडेवर टेकवून सही केली होती मी.
त्यानं फुंकर मारली, रुमालानं नाक पुसलं,
नोंदी बरोबर आहेत म्हणाला.
आहेतच. माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं.

आता इमारत सात पुन्हा अंदाजपत्रकात.
बाब क्रमांक नऊ : जुना सैल गिलावा
ठोकून पाहून, पोकळ आवाज येईल तेवढा, काढणे.
वाक्य दरसूचीतलं आहे,
इतकी वर्षं मी ते नुसतं उतरवत आलो.
निविदा एकच आली. मुदतवाढ, पहिली.
एप्रिल त्रेचाळीसवर गेला. मुदतवाढ, दुसरी.

परवा टेप न घेता गेलो.
बोटाच्या पेरानं भिंत वाजवत जिना चढलो.
दुसऱ्या मजल्यापासून आवाज बदलतो.
वरून तिनं विचारलं, कोण?
म्हटलं, चेकर.
ती हसली नाही.
मग जरा दाबून बघा की, म्हणाली.