डबा आणि कांडी

सोहारला, फलजच्या फ्लॅटमध्ये आम्ही सहा जण.
हॉलमध्ये टीव्ही एक, आणि टीव्हीखाली
यासीन परकारने जुळवलेला डबा.
कॅबिनेट रुवीच्या एका गल्लीतून,
रॅम कुणा बंगाल्याकडून,
कार्ड बंद पडलेल्या सायबर कॅफेचं,
स्क्रू तेवढे प्लांटमधले, स्टेनलेस.
"हे गंजणार नाहीत," म्हणायचा, "मी गंजेन."

सुरू व्हायला चार मिनिटं.
तेवढ्यात भाताला वाफ यायची,
घोगरेमामांची अंघोळ उरकायची.
कीबोर्डावर 'के' उमटत नसे,
म्हणून कोकणाच्या फोल्डराचं नाव ओआन.
आम्हीही मग ओआनच म्हणू लागलो,
"ओआनात काय नवीन?"

पंखा घरघरे. पाठ तापलेली,
तिच्यावर चहाचे कप, जानेवारीत मोजे.
महिन्यातून एकदा यासीन त्याला उघडायचा,
दाढीच्या ब्रशने झाडायचा,
आतून अर्धी वाटी वाळवंट निघायचं.

आणि आत काय नव्हतं!
गुहागरची टेनिस बॉलची फायनल,
कॅमेरा बॅट्समनवर कमी, झाडावरच्या पोरांवर जास्त.
तांडेलच्या बहिणीची हळद, तीन तास.
शिवाय चाळीस मिनिटांची एक फाइल,
तिच्यात नुसती कपड्यांची दोरी,
कुणीतरी कॅमेरा चालू ठेवून जेवायला गेलेलं.
मधेच यासीनची आई आतून हाक मारते,
कुणाला, ते कळत नाही.
जागा कमी पडली तेव्हा सिनेमे उडवले,
दोरी नाही उडवली.

मग प्रणीत आला, अंगठ्याएवढी कांडी घेऊन.
टीव्हीच्या मागे खुपसली. दिसेना.
"रिमोटशी बोला," म्हणाला.
मामा खाकरले, सरळ बसले,
साहेबाशी बोलावं तसं म्हणाले,
"जरा जुनं काहीतरी लावता का?"
तिने जुन्या ट्रॅक्टरची दुरुस्ती लावली.
मामांनी ती शेवटपर्यंत पाहिली.

खोटं कशाला बोलू, कांडी बरी.
चार सेकंदांत हजर. घरघर नाही,
बॉलरच्या कपाळावरचा घाम मोजून घ्यावा.
महिन्याला अर्धा रियाल डोकी,
आणि मऊ आवाजात रोज एकच प्रश्न:
कोण बघतंय?

नावांना जागा पाच. आम्ही सहा.
मामा चोपन्न वर्षांचे, ते गेले 'लहान मुले'त.
तिथे त्यांना ससे दिसतात.
डब्याने कधी विचारलं नव्हतं कोण बघतंय.
जो जागा असेल तो बघायचा.

एका रात्री मी नमन शोधलं,
आमच्या गावच्या मांडावरचं.
तिने पाटी दाखवली:
तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.
डबल ड्युटीचे डोळे,
मी वाचलं, परदेशात.
दोन्ही खरंच होतं.

यासीनचा व्हिसा मार्चात संपवला कंपनीने.
सामान तीस किलो. डबा नऊ.
वजनकाट्यावर त्याने तो दोनदा ठेवला,
दोनदा उतरवला,
मग बायकोसाठी घेतलेला मिक्सर भरला.
"चालू ठेव रे अधूनमधून," मला म्हणाला,
"डिस्क पडून राहिली की जाम होते."

कांडीत त्याचं नाव अजून आहे.
पुसलं तर मामांची सशांतून सुटका होईल,
पण मामाच म्हणतात, राहू दे.
कांडी त्याला अजून सुचवत असते,
यासीन, तुमच्यासाठी निवडलेलं.

काल चिपळूणहून त्याचा फोन.
पोरांची शाळा, वाशिष्ठीचं पाणी, गुडघा,
मग थोडं थांबून, "चालतोय ना?"
"चालतोय की."
"आवाज येत नाही त्याचा."
मी डब्याकडे पाहिलं.
वर माझा चहा, सवयीने ठेवलेला,
साय धरून गार.
"पंखा बदलला," म्हणालो, "नवा आहे,
बिनआवाजाचा."