माँटेव्हिडिओ, मुक्काम पंचवटी

सत्त्याऐंशी सालच्या एका रात्री
सिडकोतल्या गच्चीवर, बांबूला ताणलेल्या तारेतून
माझ्या रेडिओवर एक आवाज उतरला होता
माँटेव्हिडिओहून. चार मिनिटं, खरखर धरून.
नाव ओरासिओ, धंदा घड्याळदुरुस्ती.
म्हणाला, या कधी. राजधानी आहे, पण मिजास नाही.
चार दिवस तरी काढून या,
आमचं गाव घाईत दिसत नाही.
मग महिन्या-दीड महिन्यानं त्याचं कार्ड आलं, पिवळं,
वर एक नदी, जिचा पैलतीरच दिसत नाही.
ते कार्ड इतकी वर्षं
विम्याच्या कागदांत जपलं.

निवृत्तीनंतर तिकिटं काढली
आणि डॉक्टर टकल्यांनी मालनचा गुडघा
उजेडासमोर धरून दाखवला.
एवढा लांबचा प्रवास? विसरा.
तिकिटाचे निम्मे पैसे परत आले.
बॅग भरलेलीच होती.
मालन तिच्यावर बसली आणि म्हणाली,
"चार दिवस आहेत ना हाताशी? मग चला की.
रिक्षानं जाऊ."

लॉजच्या रजिस्टरात 'कुठून आलात'पुढे
मी लिहिलं, सिडको.
मॅनेजरनं चष्मा वर केला.
"काका, सिडको इथून सहा किलोमीटर."
"हो," मालन म्हणाली, "पण आम्ही कधी आलोच नाही."

खोटं नव्हतं ते.
एकतीस वर्षं घर ते सातपूर, सातपूर ते घर,
तिन्ही पाळ्या, डबा, हजेरी, स्विचगिअरची तपासणी.
नदीवर यायचो ते दोनच कारणांनी,
पाहुणे आले की
आणि अस्थी आणल्या की.

नियम मालननं केले.
घड्याळं साडेआठ तास मागे.
ओळखीचं कुणी दिसलं तर परदेशी हसायचं.
आणि थर्मास काखेत, कारण ओरासिओ म्हणाला होता
तिकडे माणसं नदीकाठी तशीच फिरतात.
त्यांचं ते कडू काहीतरी. आमचा आल्याचा चहा.

पहिला दिवस सगळा पायऱ्या मोजण्यात गेला.
म्हणजे मी मोजत होतो, ती बसत होती.
नारोशंकराच्या घंटेखाली तासभर उभे,
घंटा कुणी वाजवत नाही म्हणून नव्हे,
सावलीतून उठावंसं वाटेना म्हणून.
दुसऱ्या दिवशी सराफ बाजारात चुकलो.
चुकलो म्हणजे चुकूनच चुकलो,
एवढ्याशा गल्ल्या, तरी मजा आली,
एका दुकानदारानं रस्ता दाखवताना
आपल्या नातवाचं बारसंच सांगितलं.

बुधवारच्या बाजारात, तांब्यांच्या ढिगाशी,
आमच्या शेजारच्या बोरस्ते वहिनी.
"अगं, तुम्ही तर विमानात ना?"
मालन परदेशी हसली
आणि स्पष्ट म्हणाली, "ग्रासियास."
वहिनी तांब्या हातात धरून
बराच वेळ तशाच.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही खालच्या पायरीवर.
मनगटावर सकाळचे साडेनऊ.
ओरासिओ दुकानाचं शटर उघडत असेल,
असला तर.
मी ते पिवळं कार्ड काढलं, परत ठेवलं.
मालननं गुडघ्याचा पट्टा सैल केला,
झाकणात चहा ओतला,
"इथला पैलतीर दिसतो," म्हणाली,
तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

पैलतीरावर एक माणूस
आपला शर्ट पिळत होता.
पिळायचा, झटकायचा, उजेडात धरायचा,
समाधान नाही झालं की पुन्हा पिळायचा.
आम्ही ते पूर्ण होईपर्यंत पाहिलं.
मग त्यानं तो ओलाच अंगात घातला
आणि आमच्याकडे बघून हात हलवला,
कुठले पाहुणे म्हणून.