शून्य मैलावर कर्नल

देशाचं नाव सांगता येत नाही,
तशी सही घेतलीय माझ्याकडून, निवृत्तीच्या आधी.
एवढंच सांगतो, नकाशावर त्याचं नाव
त्याच्या जमिनीत मावत नाही,
समुद्रात छापावं लागतं.

तिथून कर्नल आला होता तोफगोळे बघायला,
अंबाझरीच्या आमच्या कारखान्यात, ऐन मे महिन्यात.
सोबत एक दुभाष्या, एक सुटकेस.
मी तपासणी विभागाचा. गोळ्याचा व्यास मोजून दाखवला.
त्याने स्वतः पुन्हा मोजला.
मग तिसऱ्यांदा, खिशातून आपलाच गेज काढून.
मला राग यायला हवा होता.
आला नाही.

दुपारी डोमाजी गायधनेने गाडी परस्पर सावजीकडे वळवली,
"पाव्हण्याले काय पनीर खाऊ घालता, साहेब?"
कर्नलच्या कानामागून, मिशीतून घामाच्या धारा,
तरी रस्सा वाटीच्या तळापर्यंत संपवला.
म्हणाला, आमच्याकडे लहानपणीच शिकवतात:
यजमानाचं ताटात टाकायचं नाही,
आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही.

मग पाणी पीत पीत बोलत राहिला.
तोफा एकाकडून. गोळे बहुधा तुमच्याकडून.
रडार तिसऱ्याचं, ज्याचं तोफवाल्याशी पटत नाही.
बोटी एका थकलेल्या साम्राज्याने दान दिलेल्या,
इंजिनं बसकी, पण रंग आम्ही दर वर्षी देतो,
देणाऱ्याचा राजदूत बंदरात फिरायला येतो ना.
आम्ही बुडालो तर चौघांचे पैसे बुडावेत,
हेच आमचं आरमार.

"म्हंजे चार दुकानांत उधारी," डोमाजी म्हणाला.
दुभाष्या त्या एका शब्दावर बराच वेळ अडला.
कळल्यावर कर्नल हसला
आणि वहीत लिहून घेतला, त्याच्या लिपीत: उधारी.

संध्याकाळी झिरो माईल.
ऊन उतरलं होतं, दगडी घोडे अजून तापलेले.
खांबापाशी कोरलेले गावांचे आकडे त्याने बोट लावून वाचले.
"आमचा देश नाही यात?"
"तुमचा देश सोडा," डोमाजी म्हणाला,
"माहं मौदा बी नाही."

तिथून त्याने मान वर केली.
ती टेकडी कुणाची?
सीताबर्डीचा किल्ला, म्हटलं. आता लष्कराचा.
आणि आधी?
सांगावं की नाही, क्षणभर घोटाळलो.
मग सांगितलं. इथल्या राजानेही मागवली होती फौज,
परक्या कंपनीची, स्वतःच्या रक्षणासाठी.
पगार राजाने द्यायचा, हुकूम कंपनीने.
दीड वर्षात त्या टेकडीवरच्या तोफांची तोंडं
राजाच्याच शहराकडे वळली.

तो गप्प. एक सिटीबस गेली, दुसरी गेली.
मग एकच प्रश्न, दुभाष्याला बाजूला सारून,
मोडक्या इंग्रजीत:
फौज किती दिवसांसाठी बोलावली होती?

मला ठाऊक नव्हतं.
चाळीस वर्षं या टेकडीखालून कामावर गेलो-आलो,
हा प्रश्न मला पडला नव्हता.
पुढच्या रविवारी ग्रंथालयात जाऊन बघितलं.
दिवस लिहिलेले नव्हते.
शब्द होता: निरंतर.

ऑर्डर आली सप्टेंबरात, बोलणी झाली त्याच्या निम्मी.
उरलेली निम्मी कुणाला गेली ते कळलं नाही,
न गेली असती तर मला वाईट वाटलं असतं.
शेवटच्या पानावर एक जादा कलम टंकलेलं,
आमच्या वकिलांनी दोनदा खोडलेलं, त्यांनी तिनदा घातलेलं:
हा करार अमुक तारखेला संपेल,
कुणी काही न बोलता.

परवा रात्री डोमाजीचा फोन.
टीव्हीवर कुठल्याशा समुद्रात बोटी दाखवत होते,
राखाडी, ताज्या रंगाच्या.
"साहेब, आपल्या करनलभाऊच्या तं नाही ना?"
मी चष्मा शोधला, नातीचा ॲटलास काढला,
तेवढ्यात बातमी बदलली.
नाव अजून समुद्रातच आहे.
डोमाजीला म्हटलं,
आहे, आहे.