पंख्याची फाईल

रात्री साडेबाराला पगारे काकांनी दार वाजवलं.
"ताई, पिठाची गिरणी टाकली का?"
सातपूरला एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस.
उजवा कान कारखान्यातच राहिला,
पण कॉट माझ्या भिंतीला टेकलेली.
कॅबिनेटवर तळहात ठेवून डोळे मिटले त्यांनी.
"बेअरिंग शाबूत आहे.
तापलंय कमी, घाबरलंय जास्त."

मग मी फाईल उघडली.
सिडकोतल्या या खोलीत एवढं एकच असं,
ज्याच्या आत शिरायला कुणाला विचारावं लागत नाही.
तीन पंखे. नावं नाहीत, नुसते आकडे.
एकेकाला थांबवून ऐकलं, कोण ओरडतंय.
दुसरा.

एक सेन्सर सांगतो, उणे एकशे अठ्ठावीस अंश.
कुठेच जोडलेला नाही, तरी बोलतो.
आमच्या ऑफिसात असे दोन आहेत.

चाळिसाला गप्प. पंचावन्नला हळू.
सत्तरच्या पुढे मात्र धाव बाबा, जीव खाऊन धाव.
आणि खाली या दोन ओळी:
थांबलेल्याला हलवायला नव्वद,
चालता ठेवायला साठ.
काकांना वाचून दाखवल्या.
"रिटायर झालो तेव्हा पोरांना हेच सांगत होतो," म्हणाले.

सेव्ह.
आवाज तळाशी बसला, चहाच्या गाळासारखा.
वरच्या टाकीत पाणी पडत होतं.
अंबडकडून शिफ्टची बस आली, गेली.

"चालू आहे ना पण?"
काकांनी पुन्हा तळहात ठेवला.
बराच वेळ काढला नाही.